पहिली फेरी कोणाची?



या अंकाचं संपादकीय टेनिसवर आहे हे वाचून काहीजणींच्या कपाळाला आठी पडेल. साहजिक आहे. शिधापत्रिकेची रांग, पाण्याचा टँकर, पोटगीच्या तारखा, कामाच्या ठिकाणच्या तक्रार समित्या, हे सगळं समोर असताना जिमखान्यातला पांढऱ्या कपड्यांचा हा खेळ आपल्या पानांवर कशाला? आपल्या बैठकीतही हाच प्रश्न आला. एकीने तर सरळच विचारलं, "जी रॅकेट घ्यायला आपल्या वस्तीतल्या बाईला महिनाभराचा पगार घालावा लागेल, त्या खेळातल्या बायकांच्या हक्कांसाठी आपण का भांडायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देणार नाही, पण आधी विषय नीट मांडते.

पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभं राहिलं. ते राज्य सरकारचं, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशाचं आहे. तिथल्या टेनिस स्टेडियमवर २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाच वेळा झाली. आधी ती चेन्नईत भरायची. राज्याच्या टेनिस संघटनेने ती पुण्यात आणली, राज्य सरकारने पाठबळ दिलं, टाटांचं नाव स्पर्धेला लागलं. २०२१ साली कोविडमुळे खंड पडला. जिल सिमॉन, केव्हिन अँडरसन, यिरी वेसेली, जुआव सौझा आणि टॅलन ग्रिकस्पूर हे पाच वर्षांचे पाच विजेते. २०२३ नंतर ती स्पर्धा पुण्यात राहिली नाही.

अंतिम सामन्याची बातमी सगळे वाचतात. मला बोलायचं आहे ते पहिल्या फेरीबद्दल. कारण खेळ कोणाचा आहे हे अंतिम सामन्यात ठरत नाही, ते पहिल्या फेरीची यादी लागते तेव्हाच ठरलेलं असतं.

ही यादी कशी बनते ते जरा तपशिलात पाहू या. एकेरीच्या मुख्य स्पर्धेत २८ जागा असत. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल. उरलेल्या २४ जणांचे १२ सामने. बहुतेक जागा जागतिक क्रमवारीवर भरत. चार जागा पात्रता फेरी खेळून वर आलेल्यांच्या. आणि तीन जागा संयोजकांच्या मर्जीच्या, त्यालाच वाइल्ड कार्ड म्हणतात. क्रमवारीत कितीही मागे असलात तरी संयोजकांना वाटलं की हा आपला मुलगा आहे, याला संधी द्यावी, तर त्याला थेट मुख्य स्पर्धेत घेता येतं.

पाच वर्षांचा हिशेब केला तर एकेरीच्या पहिल्या फेरीचे ६० सामने बालेवाडीत झाले. म्हणजे १२० जागा. त्यांपैकी एकही बाईसाठी नव्हती. स्पर्धाच पुरुषांची होती, एटीपी ही पुरुष खेळाडूंची संघटना, मग बाई कुठून असणार, असं कोणी म्हणेल. अगदी बरोबर. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. सार्वजनिक मैदान, सरकारी पाठबळ आणि पाच वर्षांची मेहनत खर्चायची ठरली, तेव्हा ती फक्त पुरुषांच्या स्पर्धेवर खर्चायची हे कोणी आणि कसं ठरवलं? तेव्हा कोणाच्या तरी मनात दुसरा विचार आला का?

२०२०च्या फेब्रुवारीत मी पहिल्या फेरीचे सामने पाहायला बालेवाडीला गेले होते. प्रेक्षकांत बायका होत्या, आया होत्या, खांद्याला रॅकेटची पिशवी अडकवलेल्या शाळकरी मुली होत्या. स्टेडियममध्ये झाडणाऱ्या, प्रसाधनगृहं साफ करणाऱ्या, चहाचे पेले गोळा करणाऱ्याही बायकाच होत्या. माझ्या पुढच्या रांगेत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर बसली होती. दोन सामने झाल्यावर तिने आईला विचारलं, "मुलींच्या मॅचेस कोणत्या कोर्टवर आहेत?" आई म्हणाली, "इथे मुलींच्या नसतात गं." मुलीने मान हलवली आणि पुन्हा सामना पाहायला लागली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मला नेमकं तेच बोचलं. आपल्या मुली "इथे मुलींच्या नसतात" हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकतात की त्यावर पुढचा प्रश्न विचारायचं त्या विसरून जातात.

आता त्याच कोर्टवरची दुसरी गोष्ट. २०२३च्या जानेवारीत पुण्याच्या मानस धामणेला मुख्य स्पर्धेचं वाइल्ड कार्ड मिळालं. तो १५ वर्षांचा होता. पहिल्या फेरीत तो अमेरिकेच्या मायकेल मो याच्याकडून ६-२, ६-४ असा हरला. हरला, पण आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर, जगातल्या वरच्या खेळाडूशी तो दोन सेट खेळला. त्याची सर्व्हिस कशी परतवायची, मोठ्या कोर्टवरचा दबाव कसा सोसायचा, हे त्याला कोणत्याही शिबिरात शिकता आलं नसतं. त्याच स्पर्धेत सुमित नागलही वाइल्ड कार्डवर खेळला आणि पहिल्याच फेरीत हरला. बरोबर एक वर्षाने, २०२४च्या जानेवारीत, याच नागलने ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी पार करून पहिल्या फेरीत मानांकित बुब्लिकला हरवलं. "सलामीलाच गारद" असे मथळे देऊन वर्तमानपत्रं पहिल्या फेरीतला पराभव मिटवून टाकतात. पण खेळाडू घडतो तो अशा पराभवांवरच.

मानसला संधी मिळाली याचा मला आनंदच आहे. ती काढून घ्यावी असं मी मुळीच म्हणत नाही. मी एवढंच विचारते, की त्या वर्षी पुण्यात १५ वर्षांची जी मुलगी रोज पहाटे उठून त्याच जिद्दीने खेळत होती, तिला हरण्यासाठी तरी अशी पहिली फेरी कुठे होती?

वाइल्ड कार्ड या गोष्टीकडे आपण चळवळीतल्या बायकांनी जरा बारकाईने बघावं असं मला वाटतं. २८पैकी तीन जागा गुणवत्तेच्या यादीबाहेर, संयोजकांच्या निर्णयाने भरल्या जातात. का? तर घरच्या खेळाडूला संधी मिळावी, त्याला अनुभव यावा, लोकांना आपला माणूस खेळताना दिसावा. कारणं चांगली आहेत. पण हे राखीव जागांशिवाय दुसरं काय आहे? ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या, तेव्हा गावोगाव काय काय ऐकायला मिळालं ते आठवा. बायकांना काय कळतं, गुणवत्तेचं काय होणार, सही तर नवराच करणार. टेनिसच्या राखीव जागेबद्दल मात्र असं कोणी कुजबुजत नाही. ती मुलाला मिळाली की तिला प्रोत्साहन म्हणतात. राखीव जागेचं तत्त्व समाजाला मान्य आहे, ते कोणाच्या वाट्याला येतं यावर त्याचं नाव बदलतं.

बाईच्या बाबतीत घराजवळच्या पहिल्या फेरीचं मोल दुप्पट असतं, हेही नीट समजून घ्यायला हवं. टेनिसची क्रमवारी गुणांवर चालते आणि गुण स्पर्धा खेळूनच मिळतात. स्पर्धा देशाबाहेर असतील तर तिकीट, व्हिसा, राहणं, प्रशिक्षकाचा खर्च. मुलगा सोळा-सतराव्या वर्षी एकटा किंवा मित्राबरोबर निघतो. मुलगी निघाली की आई नाहीतर वडील बरोबर हवेत, म्हणजे दोन तिकिटं आणि घरातल्या एका पगाराची रजा. शिवाय "इतका पैसा तिच्यावर घालून पुढे काय, शेवटी लग्नच ना?" हा नातेवाइकांचा प्रश्न प्रत्येक विमानाच्या तिकिटावर अदृश्य शाईने छापलेला असतो. अशा वेळी स्पर्धा बसने जाण्याच्या अंतरावर असेल, तर ती मुलगी आणखी एक वर्ष खेळात टिकते. टिकली तर पुढे जाते. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्याला आली ती खेळासाठी. पीवायसी हिंदू जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्याकडे ती घडली. २०१८च्या आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचं कांस्यपदक मिळवलं. पुण्याकडे मुली घडवण्याचं सामर्थ्य आहे, याला आणखी पुरावा कशाला हवा?

पुण्यात मुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतच नाहीत असं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. डेक्कन जिमखान्यावर आयटीएफची महिलांची स्पर्धा अनेक वर्षं भरत आली आहे, आणि ती चिकाटीने भरवणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. पण दर्जातला फरक पाहा. ही स्पर्धा बराच काळ २५ हजार डॉलर्सच्या गटातली होती. २०१८च्या महाराष्ट्र ओपनची बक्षिसं पाच लाख डॉलर्सच्या वर होती. म्हणजे वीसपट. छोट्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती जे पैसे पडतात, त्यात तिचा प्रवासखर्चही निघत नाही. एटीपीची मोठी स्पर्धा गेल्यावरही, २०२४ आणि २०२५च्या फेब्रुवारीत बालेवाडीत पुरुषांची चॅलेंजर स्पर्धा झाली. मोठी गेली तर मधली आली. पुरुषांसाठी शिडीची एक पायरी निसटली की दुसरी लावली जाते. बायकांच्या शिडीला मधल्या पायऱ्याच नसतात.

एकदा मात्र ती पायरी पुण्यात लागली होती, आणि ती गोष्ट आपण विसरता कामा नये. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये बालेवाडीत रॉयल इंडियन ओपन ही स्पर्धा झाली. महिला खेळाडूंची संघटना डब्ल्यूटीए हिने त्याच वर्षी सुरू केलेल्या सव्वा लाख डॉलर्सच्या नव्या गटातली ती स्पर्धा होती. अंतिम सामन्यात एका बाजूला युक्रेनची एलिना स्वितोलिना होती, वय १८. दुसऱ्या बाजूला जपानची किमिको दाते-क्रुम, वय ४२. दाते १९९६ साली निवृत्त झाली होती आणि सदतिसाव्या वर्षी पुन्हा खेळायला उतरली होती. स्वितोलिना जिंकली. पुढे ती जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचली, आणि २०२३ साली, बाळंतपणानंतर वर्ष व्हायच्या आत, विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेली. अठरा वर्षांची मुलगी आणि बेचाळीस वर्षांची बाई एकाच कोर्टवर, तोडीस तोड! बाईच्या वयाबद्दल आणि शरीराबद्दल आपण शिबिरांमधून जे तासन्तास सांगतो, ते त्या एका सामन्यात पुण्याच्या लोकांना डोळ्यांनी पाहता आलं. ती स्पर्धा एकदाच झाली. पुढच्या वर्षी ती का नाही, असं विचारायला आपल्यापैकी कोणी गेलं नाही.

ज्यांना वाटतं की बायकांचं टेनिस आपल्याकडे नवं आहे, त्यांच्यासाठी आणखी मागे जाऊ. पंडिता क्षमा राव यांचा जन्म १८९० साली पुण्यात झाला. संस्कृतचे मोठे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची ही मुलगी. गांधीजींच्या लढ्यावर 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य तिने लिहिलं आणि ते १९३२ साली पॅरिसला छापलं गेलं. ही बाई टेनिसही खेळायची! तिची मुलगी लीला राव १९३४ साली विम्बल्डनला गेली. पहिल्या फेरीत इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलशी पहिला सेट हरूनही तिने सामना जिंकला. विम्बल्डनला सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत ती हरली. पण ज्या पहिल्या फेरीबद्दल आपण बोलतो आहोत, त्या फेरीतला भारतीय बाईचा हा विजय स्वातंत्र्याच्या तेरा वर्षं आधीचा आहे, आणि त्याचं मूळ पुण्यात जन्मलेल्या एका लिहित्या-खेळत्या आईपाशी जातं.

अर्थात लीला राव हिला ही वाट मिळाली, कारण घरात शिक्षण होतं, पैसा होता आणि परदेशाची ओळख होती. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी व्यवस्थेने वाट करायची असते. ती झाली नाही. खुल्या टेनिसचं युग १९६८ साली सुरू झालं. त्या युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे निरुपमा वैद्यनाथन, आणि साल होतं १९९८. तीस वर्षं लागली एक पहिली फेरी पार करायला! त्यानंतर २००५ साली सानिया मिर्झा आली. ऑस्ट्रेलियन ओपनची तिसरी फेरी, हैदराबादचं विजेतेपद, अमेरिकन ओपनची चौथी फेरी, सगळं एका वर्षात. आणि आपल्याकडे त्या वर्षी चर्चा कशाची झाली? तिच्या स्कर्टच्या लांबीची.

महाराष्ट्राच्या मुलींनीही पहिल्या फेऱ्या पाहिल्या आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानियाबरोबर दुहेरी खेळली. पहिल्याच फेरीत चिनी जोडीने त्यांना तीन सेटमध्ये हरवलं. बार्शीपासून रिओपर्यंतचं अंतर मोजणारी पट्टी अजून बनलेली नाही. ऋतुजा भोसलेने २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. बाई आणि पुरुष एका बाजूने, एकमेकांच्या चुका सांभाळत खेळले आणि जिंकले. पण त्या दोघांना एकत्र खेळता येईल अशी जागा ऋतुजाच्या राज्याच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत नव्हती.

आता "बायकांच्या सामन्यांना गर्दी होत नाही, प्रायोजक मिळत नाहीत" या ठरलेल्या उत्तराकडे येऊ. हे उत्तर जुनं आहे आणि ते अनेकदा खोटं ठरलं आहे. १९७० साली अमेरिकेत एका मोठ्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला साडेबारा हजार डॉलर्स आणि बाईला दीड हजार जाहीर झाले. आठपटींहून जास्त फरक! बिली जीन किंग आणि आणखी आठजणींनी त्या स्पर्धेला पाठ दाखवून ह्यूस्टनला आपली वेगळी स्पर्धा खेळायचं ठरवलं, प्रत्येकीने एका डॉलरचा करार करून. संघटनेच्या कारवाईची टांगती तलवार डोक्यावर घेऊन त्या उतरल्या. १९७३ साली डब्ल्यूटीए स्थापन झाली, त्याच वर्षी अमेरिकन ओपनने समान बक्षीस दिलं. बॉबी रिग्जने बायकांच्या खेळाची टवाळी केली, तेव्हा त्याच्याशी बिली जीनचा सामना पाहायला ३० हजारांहून अधिक माणसं ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये आली. ती जिंकली. विम्बल्डनला मात्र समान बक्षिसासाठी २००७ साल उजाडावं लागलं. व्हीनस विल्यम्सने आदल्या वर्षी वर्तमानपत्रात लेख लिहून जाहीर जाब विचारला होता. आज तिथे पहिल्या फेरीत हरणाऱ्या बाईला आणि पुरुषाला सारखेच पैसे मिळतात. २०२५ साली ही रक्कम ६६ हजार पौंड होती. हे कोणी दान दिलेलं नाही. नऊजणींनी एका डॉलरवर सही केली, तिथून हा हिशेब सुरू झाला.

लंडनच्या क्वीन्स क्लबची गोष्ट तर सांगायलाच हवी. तिथे १९७३ नंतर बायकांची स्पर्धा बंद पडली आणि पुढे अर्धं शतक पुरुषच खेळत राहिले. २०२५ साली ५२ वर्षांनी बायकांची स्पर्धा परत सुरू करायचं ठरलं, तेव्हा आधीच्या आठवड्यात बायका खेळल्या तर पुरुषांसाठीचं गवत झिजेल, अशी काळजी बोलून दाखवली गेली! अंगणात बाई आली की अंगण बिघडतं, हा समज आपल्याच आळीतला आहे असं मला वाटायचं. ती स्पर्धा झाली. जिंकली कोण, तर जर्मनीची तात्याना मारिया, वय ३७, दोन मुलींची आई, पात्रता फेरीपासून खेळत आलेली. गवताचं काही बिघडलं नाही, त्याच हिरवळीवर पुढच्या आठवड्यात पुरुषांची स्पर्धा झाली.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? चेन्नईची पुरुषांची स्पर्धा पुण्याने घेतली. त्यानंतर चेन्नईने काय केलं? २०२२च्या सप्टेंबरमध्ये तमिळनाडू सरकारच्या पाठबळाने तिथे डब्ल्यूटीएची स्पर्धा झाली. त्या दर्जाची महिलांची स्पर्धा भारतात २००८ नंतर प्रथमच झाली. पहिल्या फेरीत करमन कौर थंडीने आठव्या मानांकित फ्रेंच खेळाडूला तीन सेटमध्ये हरवलं. अंकिता पहिल्याच फेरीत तात्याना मारियाकडून हरली. एक हरली, एक जिंकली, पण दोघींना घरच्या प्रेक्षकांसमोर पहिली फेरी मिळाली. २०२५ साली ती स्पर्धा तिथे पुन्हा झाली. मुंबईतही क्रिकेट क्लबच्या कोर्टवर डब्ल्यूटीएची सव्वा लाखाच्या गटातली स्पर्धा झाली आहे. २०२४ साली तिथे सहजा यमलापल्लीने पहिल्या फेरीत अव्वल मानांकित केला डे हिला हरवलं. २०२५ साली कोइंबतूरची माया राजेश्वरन, वय १५, पात्रता फेरी खेळून थेट उपांत्य फेरीत पोहोचली. पात्रता फेरीत तिला जागा मिळाली ती वाइल्ड कार्डवर. दार किलकिलं केलं तर मुली काय करतात याचं हे उदाहरण.

पुण्यालाही हे जमतं. २०२५च्या एप्रिलमध्ये बिली जीन किंग कपची आशिया-ओशनिया गटाची फेरी बालेवाडीत झाली. देशादेशांमधली महिलांची ही स्पर्धा. श्रीवल्ली भामिडिपाटीने आपले पाचही एकेरी सामने जिंकले आणि भारत दुसरा येऊन पुढच्या टप्प्यात गेला. संघात पुण्याची वैष्णवी आडकर होती. त्याच वर्षी जुलैत तिने जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्यपदक आणलं. ज्या कोर्टवर पाच वर्षं एकही बाई महाराष्ट्र ओपन खेळू शकली नाही, त्याच कोर्टवर, त्याच दिव्यांखाली हे घडलं. तेव्हा अडचण मैदानाची नाही आणि मुलींचीही नाही.

आता बैठकीतल्या त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. टेनिस हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, हे खरंच आहे. कोर्टवर पाणी मारणाऱ्याच्या मुलीला त्याच कोर्टवर रॅकेट धरायला मिळत नाही, आणि समान बक्षिसाने तो अन्याय दूर होणार नाही. पण बालेवाडीचं मैदान जिमखान्याच्या सभासदांचं नाही, ते जनतेचं आहे. १९९४ हे वर्ष आपल्याला दोन कारणांनी लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षी हे संकुल सुरू झालं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा राज्याचं महिला धोरण जाहीर केलं. दोन्ही एकाच सरकारची कामं, पण एकाने दुसऱ्याची कधी विचारपूस केली नाही. सार्वजनिक जागेवर बाईचा निम्मा हक्क आहे असं आपण पाणवठ्यापासून विधानसभेपर्यंत म्हणतो, तर तो स्टेडियमच्या दारापाशी सोडून का द्यायचा? आणि तिथे वरच्या वर्गातल्या मुलीलाही जर "इथे मुलींच्या नसतात" असं ऐकावं लागत असेल, तर वस्तीतल्या मुलीला तिथपर्यंत पोहोचायला किती जन्म लागतील? दोघींचं भांडण एकाच दाराशी आहे. फक्त एकीच्या पायात बूट आहेत आणि दुसरी अनवाणी आहे, हे भान सुटू द्यायचं नाही.

म्हणून मागण्या ठोस हव्यात. सरकारी मैदान किंवा सरकारी पैसा वापरून पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवायची असेल, तर त्याच वर्षी, त्याच दर्जाची महिलांची स्पर्धा भरवण्याची अट करारातच घालावी. कोणत्या स्पर्धेला किती रुपये दिले, वाइल्ड कार्ड कोणाला आणि का दिलं, हे जाहीर करावं. हे ठरवणाऱ्या समितीत निम्म्या बायका असाव्यात, आणि त्यांत खेळलेल्या बायका असाव्यात. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींसाठी या कोर्टवर आठवड्यातले काही तास रॅकेटसह मोफत राखावेत. आणि सगळ्यांत साधी गोष्ट, सराव संपल्यावर अंधार पडायच्या आत मुलीला घरी पोहोचवेल अशी बस आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह. मोठमोठ्या धोरणांच्या कागदांवर मुली खेळ सोडतात त्याची कारणं शोधत बसतात. अनेक मुली या दोन कारणांनी सोडतात.

आपल्यालाही काही करता येण्यासारखं आहे. पुढच्या वेळी शहरात मुलींची कोणतीही स्पर्धा असेल, डेक्कनवर असो, बालेवाडीत असो की तालुक्याच्या क्रीडांगणावर, तेव्हा पहिल्या फेरीला जाऊन बसू या. अंतिम सामन्याला फोटोवाले असतात, मंत्री असतात. पहिल्या फेरीला खुर्च्या रिकाम्या असतात, आणि सोळा वर्षांची एखादी मुलगी आईच्या एकटीच्या टाळ्यांवर खेळत असते. वस्तीतल्या मुलींना बरोबर नेऊ या. बायका गर्दी करत नाहीत म्हणून प्रायोजक येत नाहीत म्हणे, तर गर्दी करण्याचा अनुभव मोर्चे काढणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही तर कोणाला?

तुमच्या गावात, तालुक्यात सार्वजनिक मैदान कोणतं आहे? संध्याकाळी पाच ते सात तिथे कोण खेळतं? मुली असतील तर कोणत्या वयापर्यंत दिसतात आणि कोणत्या वयानंतर दिसेनाशा होतात? त्याच्या देखभालीचा पैसा कोणाकडे येतो आणि तिथल्या समितीत बाई आहे का? एखाद्या संध्याकाळी जाऊन पाहा, मोजा आणि आम्हांला लिहून कळवा. आलेली माहिती पुढच्या अंकात छापू, आणि ती घेऊन क्रीडा खात्याच्या दारात उभं राहू. तेव्हा आपल्या हातात आकडे हवेत.